‘धक्का’च्या हेमाताई

हेमाताई नाखवा पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या, त्या समोरच्या खुर्चीत बसल्या नाहीत. थेट काउंटरच्या आत आल्या आणि माझ्या पाठीमागे उभं राहून कॉम्प्युटरचा पडदा बघू लागल्या.

मुरूडला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, झेरॉक्स आणि मुख्य म्हणजे फ्लेक्स. त्या दिवशी पडद्यावर एका तरुण पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. मध्ये काळा चष्मा लावलेला पुढारी, कानाला मोबाइल, मागे वाघ. खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो, पंगतीला बसवल्यासारखे. शिकलेली माणसं असे फ्लेक्स बघून नाक मुरडतात, म्हणून मी जरा घाईनं तो पडदा बंद करायला गेलो.

“थांब,” मागून आवाज आला. “हा शेवटचा कोण?”

खालच्या ओळीत अगदी टोकाला एक फोटो होता. जागा पुरली नव्हती म्हणून मी त्याचा एक कान कापला होता.

“तो निलेश. बर्फाचा टेम्पो चालवतो.”

“त्याचा पत्ता दे. माझ्या पहिल्या अंकात मला तो पाहिजे.”

“कसला अंक?”

“ते सांगायलाच आलेय,” म्हणाल्या, आणि मग कुठे समोर येऊन बसल्या.

ताई इथल्याच, कोळीवाड्यातल्या. वडलांची होडी होती. शिकून मुंबईला गेल्या आणि एका जाहिरात कंपनीत इंग्रजी जाहिरातींचं मराठी करायच्या नोकरीला लागल्या. साबण, टूथपेस्ट, विमा, पंखे. “सगळं आयुष्य दुसऱ्याचं इंग्रजी धुऊन वाळत घातलं,” असं त्या स्वतःबद्दल सांगायच्या. पन्नाशी उलटल्यावर नोकरी सोडून परत आल्या आणि भावाच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहू लागल्या. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. माझी तर नाहीच.

त्यांना एक मासिक काढायचं होतं. मासिक हा शब्दही त्यांना मान्य नव्हता. “दर महिन्याला निघेल असं मी कुणाला वचन दिलेलं नाही. भरतीला वेळापत्रक असतं, आम्हाला नाही.” नाव ठरलेलं होतं, ‘धक्का’. होडी लागते तोही धक्का आणि माणसाला बसतो तोही धक्का. विषय एकच, आपल्या किनाऱ्यावरची माणसं आज कशी जगतात. काय घालतात, काय खातात, मोबाइलवर काय बघतात, कशाची लाज वाटते, कशाचा अभिमान वाटतो. एवढंच.

मी व्यवहारी माणूस. म्हटलं, “ताई, कागद कशाला? फोनवर टाका. जगभर जाईल.”

“जगाला काय करायचंय? मला खाडीपलीकडच्या दिघीपर्यंत जायला पाहिजे. फोनवरचं वाचलं की वर सरकतं, अन् गेलं. कागद घरात पडून राहतो. कुणी चहाचा कप ठेवतं, कुणी पोराच्या वहीला कव्हर घालतं. पडून राहिलेली वस्तू कधीतरी कुणीतरी वाचतंच.”

पुढे एकदा खरंच बाजारात एका बाईनं त्यांना सुके बोंबील ‘धक्का’च्या पानात गुंडाळून दिले. मी सोबत होतो. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईंनी पुडी उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, “बाय, बाकीची पानं कुठं हायत? याच्या पुढचं पान कुणाला दिलंस?” मग त्या गिऱ्हाइकाला शोधत बाजारभर फिरल्या. लेख त्याला अर्धाच मिळाला होता, म्हणून त्याला पुरा अंक द्यायचा होता.

दिसायला कशा होत्या म्हणाल, तर बारीक कापलेले पांढरे केस, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि सुती पंजाबी ड्रेस. त्या ड्रेसला शिंप्याकडून मुद्दाम दोन मोठे खिसे शिवून घेतलेले असायचे. एका खिशात पेन्सिली, दुसऱ्यात आमसुलांची डबी. कुणी लेख घेऊन आला की ताई त्याच्यासमोरच वाचायच्या. लेख पसंत पडला तर काही बोलायच्या नाहीत, नुसत्या पेन्सिल काढायच्या. नापसंत असला तर डबी उघडून त्याच्या हातावर आमसूल ठेवायच्या. तालुक्यातल्या अनेक कवींनी ती आमसुलं चघळलीत.

माणसांना बोलतं करायची त्यांची रीत अगदी साधी होती. त्या फारसे प्रश्न विचारायच्या नाहीत. मागे किंवा बाजूला बसायच्या आणि मधून मधून फक्त “मग?” म्हणायच्या. नुसतं “मग?”. त्यात घाई नसायची, आश्चर्य नसायचं. समोरचा माणूस बोलत राहायचा. निलेश बर्फवाला असाच बोलला. त्याच्या टेम्पोत शेजारी बसून ताई बंदरापर्यंत गेल्या आणि परत आल्या. पहिल्या अंकात त्याचं बोलणं जसंच्या तसं छापलं: “माझा फोटो कुठं लागलाच न्हवता कधी. शाळेच्या ग्रुप फोटोत मी आजारी. भावाच्या लग्नात व्हिडिओवाल्यानं मना गाळला. फ्लेक्सवर लागला तवा आई रोज नाक्यावर जाऊन बघून यायची. कान कापलाय बोलायची, पण तुझाच हाय.”

अंक निघाला तेव्हा निलेश दुकानात आला. उभ्यानंच, ओळीवर बोट ठेवून त्यानं सगळं वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाला, “मी बोललो तेच लिवलंय रे हिनं.” तक्रार करावी तसा म्हणाला, पण एकाऐवजी दोन अंक घेऊन गेला.

आणि मी? मी त्या दिवसापासून एकाही शुभेच्छुकाचा कान कापलेला नाही. वाघ लहान करतो.

छपाई माणगावला व्हायची. पानं मी लावायची, ताईंनी तपासायची आणि मग त्यांनी एस.टी.नं माणगावच्या छापखान्यात जायचं. येताना गठ्ठे घेऊन दिघीला उतरायच्या आणि फेरीबोटीनं खाडी ओलांडून आगरदांड्याला यायच्या. ती फेरी म्हणजे ताईंचं खरं दुकान. गाड्या बोटीवर चढतात, माणसं खाली उतरून कठड्याला टेकतात. पलीकडचा किनारा येईपर्यंत कुणालाच काही काम नसतं. ताई गठ्ठा सोडून त्यांच्यात फिरायच्या. पुण्याचे पर्यटक, म्हसळ्याच्या बाजूहून माहेरी निघालेल्या बाया, औषधांचे प्रतिनिधी. अंक हातात द्यायच्या आणि सांगायच्या, “वाचा. नाही आवडला तर उतरताना परत द्या. पण का नाही आवडला ते सांगून द्या.” असे परत आलेले अंक दाखवत त्यांसोबत मिळालेली बोलणी त्या मला मोठ्या खुशीत येऊन सांगायच्या. स्तुतीबद्दल मात्र अवाक्षर नाही. स्वतः केली नाही, दुसऱ्याची ऐकली नाही.

स्वभाव तिखट होता, हे मान्यच करायला हवं. आभार मानायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. माझ्या दुकानात येऊन पंखा स्वतःच्या बाजूला वळवायच्या, माझ्या डब्यातली पोळी विचारल्याशिवाय घ्यायच्या, आणि माझी बायको भाजीत तेल जास्त घालते हेही ऐकवायच्या. गिऱ्हाइकांच्या पत्रिकांत नाक खुपसायच्या. “‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ कशाला? मुलामुलीनं ठरवलंय ना लग्न? मग तसं लिहा की!” एका मुलीच्या बापानं पत्रिका रद्द करून दुसऱ्या दुकानाचा रस्ता धरला. मी चिडलो की म्हणायच्या, “तुला गिऱ्हाईक दुसरं मिळेल. त्या मुलीला पत्रिका दुसरी मिळणारे का?”

‘धक्का’त एक शब्द चालायचा नाही. ‘पूर्वी’. पूर्वी गावात असं होतं, पूर्वीची माणसं तशी होती, असं काही आलं की पेन्सिल चालली. एकदा आमच्या हायस्कुलातले निवृत्त गद्रे सर लेख घेऊन आले. सुंदर अक्षर, समास सोडलेला. जुनी बैलगाडी, जुनी विहीर, जुना गणेशोत्सव. ताईंनी सगळा वाचला. सर माझेही सर, त्यामुळे आमसूल आता निघतंय की काय, या भीतीनं मी खाली मान घालून पत्रिका लावत होतो.

“सर, यात एक वाक्य आजचं आहे,” ताई म्हणाल्या.

“एकच?”

“एकच. शेवटून दुसरं. ‘हल्ली नातीशी फोनवर चेहरा बघून बोलता येते, परंतु ती मौज नाही.’ हा फोन कधी येतो?”

“रविवारी.”

“मग?”

“मग काय? बोलतो आम्ही.”

“मग?”

“शर्ट बदलतो,” सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “केस विंचरतो. ही गेल्यापासून घरात कुणी येत नाही. बनियनवरच असतो मी. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालतो, भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतो. तिला मागे पसारा दिसायला नको.”

“सर, हे लिहा.”

“हे?” सरांना संताप आला. “हे काय लिहायचं असतं? हेमलता, मी भाषा शिकवली आहे आयुष्यभर!” लेख उचलून ते तरातरा निघून गेले. छत्री विसरले.

पंधरवड्यानं छत्री न्यायला आले आणि एक कागद काउंटरवर ठेवून गेले. “रविवारचा शर्ट” नावाचा तो एकपानी मजकूर किती घरांत वाचला गेला असेल, सांगता येत नाही. बाहेरगावी नोकरी करणाऱ्या कितीतरी पोरांनी दुकानात येऊन तो अंक मागितला. सरांच्या नातीनं तो फोनवर मोठ्यांदा वाचून दाखवला. अर्धं वाचून ती थांबली म्हणे, आणि म्हणाली, “आजोबा, मीपण तुम्हाला फोन करायच्या आधी बेडवरचे कपडे उचलते.”

हे सगळं चांगलं चाललेलं असताना सोनालीचं प्रकरण झालं.

सोनाली कोळीवाड्यातली, कॉलेजात शिकणारी. तिची आई जनाबाय बाजारात मासळी विकते. सोनालीनं ताईंना एक लेख दिला, “माझ्या अंगाचा वास”. बसमध्ये मागच्या सीटवर बसणं, लिंबानं हात चोळणं, मैत्रिणींच्या घरी गेलं की खिडकीजवळची जागा धरणं, असं सगळं त्यात होतं. आपण होडीवाल्या घरात लग्न करणार नाही, हेही तिनं साफ लिहिलं होतं. ताईंनी पेन्सिल काढली, दोन-तीन शब्द बदलले आणि तो छापला.

अंक निघाल्यावर कुणीतरी त्यातल्या चार ओळींचा फोटो काढून समाजाच्या ग्रुपवर टाकला. ‘कोळ्याच्या पोरीनं कोळ्यांची अब्रू काढली.’ दुपारपर्यंत तो फोटो वरळीपासून श्रीवर्धनपर्यंत पोचला. जनाबायनं मुलीशी बोलणं टाकलं. सोनाली घराबाहेर पडेना. आणि ताईंना समाजाच्या बैठकीचं बोलावणं आलं. बोलावणाऱ्यांत त्यांचा सख्खा भाऊ दत्ताही होता.

बैठक संध्याकाळी, देवळाच्या सभामंडपात. पुरुष पुढे, बाया मागे खांबांच्या आडोशाला. मी परजातीचा, म्हणून पायरीवर बसलो. सोनाली आलेली नव्हती. जनाबाय होती, अगदी मागे, भिंतीला टेकून.

कोळीवाड्याचे पाटील वयस्क, शांत माणूस. ते म्हणाले, “हेमा, तू आपल्यातली. भायेरच्यानं लिवलं असतं तर समजलो असतो. तू छापलंस. अंक परत घे आन माफी माग.”

ताई उभ्या राहिल्या. “पाटील, लेख पुरा कुणी वाचलाय?”

दोघातिघांनी आपापले मोबाइल वर धरले.

“मोबाइलवर आला तेवढा वाचलाय की,” एक तरुण म्हणाला.

“तेवढा म्हणजे चार ओळी. मी सगळा वाचते. नंतर तुम्ही बोला. काय करायचं ते मग ठरवा.”

त्यांनी खिशातून अंक काढला आणि वाचायला सुरुवात केली. वाचायची त्यांची तऱ्हा अगदी कोरडी होती, रेडिओवर समुद्राच्या लाटांची उंची सांगतात तशी. कुजबुज चालली होती ती हळूहळू थांबली. लेखाच्या शेवटाजवळ एक प्रसंग होता. कॉलेजात पालकांना बोलावलं होतं. जनाबाय बाजारातून तशीच गेली होती. सोनालीनं लिहिलं होतं: “सर बोलत होते तोवर आईनं दोन्ही हात पदराखाली धरले होते. सरांनी सही करायला पेन पुढे केला तरी तिनं हात काढला नाही. माझ्याकडे बघितलं. सही मी केली. मला आईचा वास नको, असं मी कधी म्हटलं नाही. मला ते पदराखालचे हात नकोत.”

ताईंनी अंक मिटला.

मग दत्ता म्हणाला, “खरं असंल. पण ह्ये घरातलं. चव्हाट्यावर कशाला मांडायचं?”

आता ताई त्याला फाडून खातील, असं मला वाटलं. पण त्यांनी मिटलेला अंक परत खिशात घातला.

“दत्ता, तू बरोबर बोलतोस,” म्हणाल्या. “सोनालीनं स्वतःचं लिहिलं. पण यात जनाबाय आहे. तिला विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही. लेखाची माफी मी मागणार नाही. जनाबायची मागते.” आणि मागे वळून म्हणाल्या, “जना, चुकले मी. तुला काय बोलायचंय ते बोल.”

जनाबाय उठली. सगळ्यांना वाटलं, बोलेल. तिनं पदर सारखा केला आणि पायऱ्या उतरून, माझ्या शेजारून निघून गेली.

बैठकीत ठरलं की ‘धक्का’ कोळीवाड्यात विकायचा नाही. ताईंनी ते मान्य केलं.

दुसऱ्या दिवसापासून ताई सकाळी बाजारात जाऊन जनाबायच्या शेजारी बसू लागल्या. जनाबाय त्यांच्याकडे बघायचीही नाही. गिऱ्हाइकांशी घासाघीस करायची, कोलंबी सोलायची, पाणी मारायची. ताई पाटावर गप्प बसून असायच्या. मला हे बघवेना. म्हटलं, “ताई, लोक हसतात.” म्हणाल्या, “हसू देत. मी तिचा अपराध केलाय, दुसरीकडे कुठे जाऊन बसू?”

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी गिऱ्हाईक नसताना, हातातला कोयता न थांबवता, जनाबाय बोलू लागली. ताईंनी “मग?” सुद्धा म्हटलं नाही. तशाच उठून दुकानात आल्या आणि म्हणाल्या, “मी सांगते ते टाईप कर. विसरायच्या आत.”

पुढच्या अंकाचं पहिलं पान ते होतं. वर नाव, जनाबाय. “पोरगी बोलते मना वास नको. मना तरी कुठं आवडला? लग्न होऊन आले तवा म्हैनाभर जेवन जात न्हवतं. सासूला बोलले तर तिनं हात पुढं केलं, बोलली, हुंग. माजा वास हाय, तुजाबी होईल. मी हात लपवले ते पोरीसाठी न्हाय. त्या सरांचा शर्ट पांढरा होता, म्हनून लपवले. तिला वाटलं मी लाजले. मी लाजले न्हाय. पन आता ती बोलते तर इचार करते, लाजले का काय?”

छापण्याआधी ताईंनी ते जनाबायला वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, “त्ये शेवटलं काढ.” ताईंनी पेन्सिल काढली. तशी जनाबायनं त्यांचा हात धरला. “ऱ्हाऊं दे. खरं हाय त्ये.”

कोळीवाड्यातली बंदी कुणी उठवली नाही. पण आठवड्याभरात पाटलांची बायको माझ्याकडे आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आली आणि जाताना म्हणाली, “त्यो जनीचा अंक हाय का रे? पिशवीत खाली घाल.” मग दुसरी आली, तिसरी आली. मायलेकी बोलू लागल्या. सोनालीनं लॅबचा कोर्स केला, आज ती पनवेलला एका दवाखान्यात काम करते. होडीवाल्याशी लग्न तिनं केलं नाही. जनाबाय अधूनमधून तिच्याकडे जाते, आणि जाताना डबाभर कालवण नेते.

त्यानंतर दोन वर्षांत ताईंचे डोळे गेले. एकदम नाही. आधी अक्षरांच्या मध्ये डाग पडू लागला. ज्या अक्षराकडे बघावं तेच दिसायचं नाही, आजूबाजूची दिसायची. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं की कडेची नजर राहील, मधली जाईल. हे मला सांगताना ताई हसल्या. “म्हणजे ज्याच्याकडे बघेन तो गायब. शेजारी उभा असेल तो दिसेल. बरंय, पुढारी गेले, शुभेच्छुक राहिले.”

हसल्या, पण त्या दिवशी दुकानातून लवकर उठल्या. पायरीवरून उतरताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. तो त्यांनी घेतलेला मी पहिल्यांदा पाहिला.

मला वाटलं, संपलं. पण ताईंनी नवी पद्धत काढली. लेख लिहिणाऱ्यानं स्वतः येऊन मोठ्यांदा वाचायचा. ताई डोळे मिटून ऐकायच्या आणि मध्येच हात वर करायच्या. “इथं जीभ अडखळली तुझी. का? हे तुझं नाही. कुठून तरी उचललंयस.” आणि खरंच तसं असायचं. लोक रडकुंडीला यायचे. एका रिसॉर्टवर काम करणाऱ्या पोरीनं वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला कागद बाजूला ठेवून सरळ बोलायलाच लागली. ताई म्हणाल्या, “हां. आता लिही.” पाहुण्यांची खोली आवरताना त्यांनी टाकून दिलेल्या वस्तूंवरून ती त्यांचं काय काय ओळखते, असा तो लेख होता. माझ्या मते ‘धक्का’तला सगळ्यात सुरेख.

असे दोन अंक निघाले. दुसरा छापून आला तेव्हा ताईंनी तो हातात घेतला, पानांवरून तळवा फिरवला, नाकाशी नेला. मग विचारलं, “मुखपृष्ठावर लाल कसा आलाय?”

मी म्हटलं, “चांगला आलाय.”

“चांगला म्हणजे विटेसारखा की कुंकवासारखा?”

मला सांगता येईना. मी बराच प्रयत्न केला. शेवटी त्यांनी अंक काउंटरवर ठेवला. “बस झालं,” म्हणाल्या. “जे मला दिसत नाही ते मी लोकांच्या हातात देणार नाही.”

मी वाद घातला. गद्रे सर येऊन बोलले. निलेश बर्फ उतरवायचा सोडून आला. कुणी म्हणालं, सोनालीला सांगू, ती चालवेल. ताई म्हणाल्या, “तिला चालवायचं असेल तर तिचं ती काढेल. नावही तिचं ठेवेल. माझा धक्का तिच्या गळ्यात कशाला?” कुणी काही काढलं नाही. त्याचं मला वाईट वाटतं. ताईंना वाटलं की नाही, माहीत नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्या मुंबईला भाचीकडे राहायला गेल्या. तिथं डोळ्यांवर उपचार होणार होते. ते झालेही, पण फरक पडला नाही. वर्षाच्या आतच, एका दुपारी झोपेत गेल्या. दत्तानं फोन करून सांगितलं. सांगताना तो फोनवर इतका रडला की मलाच त्याची समजूत घालावी लागली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मांडव्याच्या जेटीवर. बोटीनं त्या गेटवेला जाणार होत्या, तिथे भाची उतरवून घेणार होती. मी त्यांना सोडायला गेलो होतो. बोटीला वेळ होता, म्हणून आम्ही बाकावर बसलो. ताईंची बॅग त्यांच्या पायांत होती. मला हात लावू दिला नव्हता.

“कोण कोण आहे, सांग,” म्हणाल्या.

मी सांगू लागलो. एक कुटुंब, त्यांचा कुत्रा, दोन गोरे पर्यटक, ऑफिसला निघालेली माणसं.

“माझ्या शेजारी कोण आहे? हालचाल कळतेय.”

शेजारी एक विशीतली मुलगी होती, पाठीवर सॅक. कानांत ते छोटे बिनवायरीचे इअरफोन, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मी हळू आवाजात ते सांगितलं.

“गातेय?”

“नाही. पाठ करतेय काहीतरी.”

ताईंनी हात पुढे करून अंदाजानं तिच्या मनगटाला स्पर्श केला. “काय ऐकतेस गं बाळ?”

मुलगी दचकली. मग ताईंची भलतीकडे लागलेली नजर बघून तिला समजलं असावं. तिनं कानातलं काढलं. “जर्मन, आजी. नर्सिंग झालंय माझं. तिकडे नोकरी मिळतेय, पण आधी भाषेची परीक्षा आहे.”

“कुठली तू?”

“चौलची.”

“चौलहून जर्मनीला,” ताई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिलो. “मला ऐकव की.”

मुलीनं एक इअरफोन पुसून त्यांच्या कानात घातला, दुसरा आपल्या कानात ठेवला. दोघी ऐकू लागल्या. थोड्या वेळानं ताईंनी एक वाक्य मोठ्यांदा म्हणून बघितलं. मुलगी हसली, तिनं ते सुधारून सांगितलं. ताईंनी पुन्हा म्हटलं.

“याचा अर्थ काय?” मी विचारलं.

“मी इथे नवीन आहे, जरा हळू बोलाल का,” मुलगी म्हणाली.

बोट लागली. लोक उठले. मी बॅग उचलायला वाकलो, तोवर मुलीनं ती घेतलीही होती. ताईंनी तिचा दंड धरला. “येते रे,” एवढंच मला म्हणाल्या, तेही माझ्या खांद्याच्या बाजूला बघत, म्हणजे मी त्यांना दिसत असणार. उतारावरून दोघी गर्दीत चालत गेल्या, कानात एक-एक इअरफोन घालून, तेच वाक्य म्हणत. ताई मोठ्या आवाजात म्हणत होत्या. रांगेतली माणसं वळून बघत होती. फळीवर पाय ठेवताना त्या पुन्हा कुठेतरी चुकल्या असाव्यात, कारण मुलगी थांबली, त्यांच्याकडे तोंड करून तिनं एकेक शब्द सावकाश उच्चारला, आणि मागची सगळी रांग ताईंचं वाक्य नीट येईपर्यंत थांबून राहिली.